फ्रँकोच्या स्पेनमध्ये म्हणे सिनेमाच नव्हता

गेली दोन-तीन वर्षं एक मजकूर सिनेमावेड्या मंडळींमध्ये फिरतोय. दर काही महिन्यांनी नवं नाव लावून येतो, आतला माल तोच. थोडक्यात असा: यादवी युद्ध संपल्यापासून हुकूमशहा फ्रँको मरेपर्यंत, म्हणजे १९३९ ते १९७५, स्पेनमध्ये सिनेमा नव्हताच, होता तो सरकारी प्रचार. हुआन आंतोनियो बार्देम या दिग्दर्शकाने तर भर सभेत हे कबूल केलं. जे काही नाव घेण्याजोगं झालं ते दिग्दर्शक लुईस बुन्युएलने, तेही परदेशात बसून. सेन्सॉर म्हणजे पोलादी भिंत. मग १९७५ उजाडलं आणि आल्मोदोवार या दिग्दर्शकाने शून्यातून स्पॅनिश सिनेमा उभा केला. शेवटी एक मखलाशी असते: मधल्या काळात दोन-चार चांगले सिनेमे निघाले असतील तर ते सेन्सॉरमुळेच, कारण बंधनात प्रतिभा फुलते.

‘काहीच नव्हतं’ आणि ‘जे होतं ते बंधनांमुळे फुललं’ ही दोन्ही वाक्यं एकाच मजकुरात सुखाने नांदतात. असो. एकेक मुद्दा घेतो. (स्पॅनिशमध्ये ‘व’चा ‘ब’ होतो, म्हणून खाली ‘बिरिदियाना’ आणि ‘बेर्दुगो’ दिसतील. छपाईची चूक नाही.)

‘होता तो फक्त प्रचार’

प्रचार होता, आणि चांगला सणसणीत होता. १९४२ चा ‘रासा’ खुद्द फ्रँकोच्या लेखणीतून उतरला. हाइमे दे आंद्रादे या टोपणनावाने त्याने तो लिहिला, होसे लुईस साएन्स दे एरेदियाने पडद्यावर आणला. जानेवारी १९४३ पासून प्रत्येक थिएटरात सिनेमाआधी ‘नो-दो’ हे सरकारी वार्तापत्र दाखवणं सक्तीचं झालं. इथवर मजकूर बरोबर आहे.

पण ‘रासा’चंच पुढे काय झालं बघा. १९५० मध्ये तो नव्या नावाने पुन्हा प्रदर्शित केला, तेव्हा त्यातले हात उंचावून केलेले फॅसिस्ट सलाम कापले आणि अमेरिकेला झोंबतील असे संवाद पुसले. हिटलर हरला होता आणि आता वॉशिंग्टनशी गोड बोलायचं होतं. हुकूमशहाच्या हस्ताक्षरावर त्याच्याच राज्यात कात्री चालली. ‘रोहो ई नेग्रो’ हा तर फालांखे या सत्ताधारी पक्षाच्याच विचारांचा सिनेमा. तो १९४२ मध्ये लागला आणि काही आठवड्यांत गुपचूप उतरवला गेला. काय चालेल आणि काय नाही, हे प्रचार करणाऱ्यांनाही धड ठाऊक नव्हतं.

बाकी चाळीसच्या दशकात थिएटरात लागत ते मुख्यतः विनोदी सिनेमे, नाचगाण्यांचे सिनेमे आणि राजेराण्यांचे भरजरी इतिहासपट. १९४४ मध्ये एद्गार नेविलने ‘सात कुबड्यांचा मनोरा’ केला: माद्रिदच्या पोटात जमिनीखाली एक शहर आहे आणि तिथे कुबड्यांची टोळी राहते! यातून कोणता सरकारी संदेश जातो, हे मजकूर लिहिणाऱ्याने जरूर सांगावं.

आणि मग १९५१ चा ‘सुर्कोस’, म्हणजे नांगराचे तास. यावर थोडं थांबायला हवं. खेड्यातलं एक कुटुंब बोचकी, टोपल्या घेऊन माद्रिदला उतरतं आणि एका कोर्रालात आसरा घेतं. कोर्राला म्हणजे आपल्या चाळीची सख्खी बहीण: मधे चौक, भोवती लाकडी गॅलऱ्या, दोरीवर कपडे आणि प्रत्येकाच्या घरात प्रत्येकाचे कान. काम मिळत नाही. थोरला मुलगा काळ्या बाजारात शिरतो आणि जीव गमावतो. मुलगी त्याच बाजारातल्या एका बड्या माणसाच्या नादाला लागते. बाप घरात बसून बायकोची बोलणी खातो. शेवटी स्मशानात तो म्हणतो की आता गावी परतायचं. लोक काय म्हणतील, केवढी लाज, असं बायको म्हणते. लाज वाटली तरी परतायचं, हे त्याचं उत्तर. हा सिनेमा करणारा होसे आंतोनियो निएबेस कोन्दे कोणी डावा बंडखोर नव्हता, तो फालांखेचाच माणूस. त्याच्या मूळ शेवटावर सेन्सॉरने कात्री चालवलीच.

त्याच सुमारास सिफेसा या बड्या कंपनीने कोलंबसावरचा ‘आल्बा दे आमेरिका’ हा सरकारी मर्जीचा खर्चिक चित्रपट आणला होता. सिनेमा खात्याचा संचालक होसे मारिया गार्सिया एस्कुदेरो याने ‘राष्ट्रीय हिताचा चित्रपट’ हा शिक्का ‘सुर्कोस’ला दिला आणि कोलंबसाला नाकारला. १९५२ मध्ये त्याची खुर्ची गेली, आणि कोलंबसाला शिक्का मिळाला. या सरकारी घरात किती चुली होत्या, ते एवढ्यावरून कळावं.

‘बार्देमनेच कबुली दिली’

हा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण वाक्य खरं आहे. मे १९५५ मध्ये सालामांका विद्यापीठाच्या फिल्म क्लबने सिनेमावर चर्चासत्र भरवलं होतं. तिथे बार्देम म्हणाला की आजचा स्पॅनिश सिनेमा राजकीयदृष्ट्या निष्प्रभ, सामाजिकदृष्ट्या खोटा, बौद्धिकदृष्ट्या अगदी खालचा, सौंदर्याच्या बाबतीत शून्य आणि उद्योग म्हणून मुडदूस झालेला आहे. ‘मुडदूस’ हा शब्द मी माझ्या पदरचा घातलेला नाही. मूळ स्पॅनिश शब्द त्याच आजाराचा आहे.

आता हे कोण बोलतंय? ज्याचा ‘सायकलस्वाराचा मृत्यू’ त्याच महिन्यात कान महोत्सवात समीक्षकांचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक घेऊन आला होता, तो माणूस. एक प्राध्यापक आणि त्याची विवाहित प्रेयसी सुनसान रस्त्यावर एका सायकलवाल्याला धडक देतात. तो अजून जिवंत असतो. तरी ते त्याला तसाच टाकून निघून जातात, कारण मदत केली तर त्यांचं लफडं उघडकीला येईल. युद्धात जिंकलेला वर्ग कसा जगतोय, हे इतक्या थंडपणे दाखवणारा सिनेमा करून हा गृहस्थ सालामांकात ‘आपल्याकडे काही नाही’ म्हणत होता. स्वयंपाकघरात घाम गाळणारी बाई ‘या घरात धड काही शिजत नाही’ म्हणते, तेव्हा पंगतीतल्या पाहुण्याने ते अक्षरशः घ्यायचं नसतं. बार्देम कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य होता आणि त्या सभेत कॅथलिकही होते, फालांखेवालेही होते. खुर्ची गेलेला गार्सिया एस्कुदेरोही होता. बार्देमने मांडलं ते आरोपपत्र, सुधारणेसाठी. त्याचा मृत्यूचा दाखला लोकांनी केला. दुसऱ्याच वर्षी ‘काये मायोर’चं चित्रीकरण चालू असताना पोलिसांनी त्याला उचललं. शून्य सिनेमा करणाऱ्याला अटक करायची तसदी सहसा कोणी घेत नाही.

सालामांकाच्या त्या सभेआधी दोन वर्षं, १९५३ मध्ये, बार्देम ज्याच्या पटकथेत सहभागी होता तो ‘ब्येनबेनिदो, मिस्तेर मार्शल’ आला. दिग्दर्शक लुईस गार्सिया बेरलांगा. मूळ मागणी होती लोलिता सेबिया या गायिकेसाठी गाणी असलेल्या एका हलक्याफुलक्या सिनेमाची. त्यातून निघालं हे: अमेरिकन मदत घेऊन पाहुणे येणार असं कळल्यावर एक कास्तीयन (मध्य स्पेनमधलं) खेडं आंदालुसियन (दक्षिणेकडच्या) गावाचं सोंग घेतं. खोट्या भिंती, खोटी घरं, उसने पोशाख. गावकरी रांगेत उभे राहून प्रत्येकी एक वस्तू मागतात. बहिरट महापौर (पेपे इस्बेर्त, ज्याचा घोगरा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही) बाल्कनीतून तेच तेच वाक्य फिरवून फिरवून भाषण करतो. पाहुण्यांच्या मोटारी न थांबता भर्रकन निघून जातात. खऱ्या मार्शल योजनेत, म्हणजे महायुद्धानंतर युरोपला दिलेल्या अमेरिकन मदतीत, स्पेनला स्थानच नव्हतं, हे प्रेक्षकाला ठाऊक होतं. कानच्या परीक्षक मंडळात हॉलिवूडचा नट एडवर्ड जी. रॉबिन्सन होता. पावसाच्या पाण्याबरोबर गटारात वाहत जाणारा छोटा अमेरिकन झेंडा पाहून तो भडकला आणि ते दृश्य काढावं लागलं. त्या वेळी कात्री लागली ती फ्रँकोच्या सेन्सॉरची नव्हती.

‘चांगलं झालं ते बुन्युएलने परदेशात’

बुन्युएल युद्धानंतर मेक्सिकोत स्थिरावला, हे खरं. पण त्याला कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळवून देणारा ‘बिरिदियाना’ (१९६१) स्पेनमध्ये चित्रित झाला, दोन स्पॅनिश कंपन्या त्यात होत्या, आणि त्याची पटकथा स्पॅनिश सेन्सॉरने वाचून मंजूर केलेली होती.

मंजूर करताना सेन्सॉरने शेवट बदलायला लावला. मूळ शेवटात, जोगीण व्हायला निघालेली बिरिदियाना चुलतभावाच्या खोलीचं दार ठोठावते, आत जाते, दार बंद. हे अश्लील ठरलं. मग बुन्युएलने काय केलं, तर ती आत येते तेव्हा खोलीत मोलकरीण आधीपासून बसलेली आहे. तिघं पत्ते खेळायला बसतात. भाऊ पानं पिसत म्हणतो की तू एक दिवस माझ्याबरोबर पत्ते खेळणार, हे मला माहीतच होतं. दोघांच्या बंद दारापेक्षा तिघांचा तो डाव कितीतरी जास्त सुचवून जातो. सेन्सॉरने मात्र खूश होऊन शिक्का मारला.

कानच्या मंचावर पारितोषिक घ्यायला सिनेमा खात्याचा संचालक होसे मुन्योस फोन्तान स्वतः गेला. लगेच व्हॅटिकनच्या दैनिकाने सिनेमावर आग ओकली. भिकाऱ्यांची ती जेवणावळ, येशूच्या अखेरच्या भोजनाच्या चित्रासारखी मांडलेली, कोणाच्याही नजरेतून सुटणारी नव्हती. संचालकाची नोकरी गेली, सिनेमावर बंदी आली ती १९७७ पर्यंत टिकली, आणि ज्या उनिन्सी कंपनीने ‘मार्शल’ काढला होता तीही या प्रकरणात बुडाली. आपलाच सिनेमा नाकारायची वेळ सरकारवर आली, त्याचा दोष बुन्युएलच्या परदेशातल्या पत्त्याला कसा देणार?

आणि बेरलांगा, आस्कोना, फेर्नान गोमेस, साउरा, एरिसे हे दिग्दर्शक-पटकथाकार सगळे तिथेच राहून काम करत होते. २०२२ साली गोव्याच्या इफ्फीत कार्लोस साउरांना सत्यजित राय जीवनगौरव पुरस्कार दिला गेला. त्यांच्या १९६६ च्या ‘ला कासा’ला बर्लिन महोत्सवात दिग्दर्शनाचं रौप्य अस्वल मिळालं होतं. फ्रँको तेव्हा ठणठणीत होता.

‘सेन्सॉर म्हणजे पोलादी भिंत’

भिंत बरी, तिला निदान दिशा असते. १९६३ पर्यंत स्पॅनिश सेन्सॉरपाशी लेखी नियमच नव्हते. मंडळात चर्चचा माणूस, सरकारी माणूस, पक्षाचा माणूस. ज्याला जे खुपेल ते कापायचं. ‘ला कासा’चं मूळ नाव होतं ‘सशाची शिकार’. बोली स्पॅनिशमध्ये सशाला दुसराही अर्थ आहे म्हणून ससा उडवला, नुसती ‘शिकार’ राहिली. सिनेमात चार माणसं सशांवर गोळ्या झाडता झाडता एकमेकांवर झाडू लागतात, तेही यादवी युद्धातल्या जुन्या रणभूमीवर, याला मात्र कोणाची हरकत नव्हती.

परदेशी सिनेमांचं तर विचारू नका. १९४१ च्या आदेशाने परदेशी सिनेमा स्पॅनिशमध्ये डब करूनच दाखवायची सक्ती झाली. संवाद बदलायची सोय हाताशी आली. ‘मोगॅम्बो’त ग्रेस केली नवऱ्याशी प्रतारणा करते हे चालेना, म्हणून डबिंगमध्ये नवऱ्याचा भाऊ करून टाकला. व्यभिचार टळला. पण एकाच तंबूत राहणारे, एकमेकांकडे तसं बघणारे भाऊबहीण पाहून प्रेक्षकांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

डबिंगची दुसरी बाजू पैशाची, आणि ती मजकुरात कधीच येत नाही. परदेशी सिनेमा आयात करून डब करायचे परवाने स्पॅनिश निर्मात्यांना मिळत, आणि किती मिळणार ते त्यांच्या देशी सिनेमाला सरकारी मंडळाने कोणती श्रेणी दिली यावर ठरे. परवाना बाजारात विकता येई. साहजिकच कित्येक निर्मात्यांच्या लेखी प्रेक्षक हा दुय्यम विषय झाला. मंडळ खूश झालं की हॉलिवूडच्या जिवावर पोट भरत होतं. त्या काळातले इतके सिनेमे इतके फुगलेले आणि निर्जीव का, याचं निम्मं उत्तर विचारसरणीत नाही, या हिशेबात आहे.

‘बंधनात प्रतिभा फुलते’

‘बिरिदियाना’चा किस्सा सांगितल्यावर हे वाक्य ऐकू येणारच, म्हणून बाकीचेही ऐका. १९५७ च्या ‘लोस ख्वेबेस, मिलाग्रो’त बेरलांगाने एक गाव दाखवलं, जे बंद पडत चाललेल्या गरम पाण्याच्या झऱ्यासाठी संताचं खोटं दर्शन घडवून आणतं. त्यावर एका पाद्री सेन्सॉरने इतक्या सूचना केल्या की त्याचं नाव पटकथाकार म्हणून द्या, असं बेरलांगा म्हणाला. सिनेमा दुसऱ्या अर्ध्यात लंगडतो, आणि का ते दिसतं. मार्को फेरेरी हा इटालियन दिग्दर्शक माद्रिदमध्ये ‘एल पिसितो’ आणि ‘एल कोचेसितो’ करून गेला. त्याला राहायचा परवाना पुन्हा मिळाला नाही. फेर्नांदो फेर्नान गोमेसचा ‘एल मुंदो सिगे’ १९६३ मध्ये तयार झाला, पण धड प्रदर्शितच झाला नाही. त्याचा ‘एल एस्त्रान्यो ब्याहे’ १९६४ चा, लोकांसमोर आला १९६९ मध्ये, तोही दुय्यम खेळ म्हणून. ही फुललेली प्रतिभा का?

आता ‘एल बेर्दुगो’, म्हणजे जल्लाद, १९६३. राफाएल आस्कोना आणि बेरलांगाची पटकथा. होसे लुईस मयतांचं सामान करणाऱ्या कंपनीत कामाला आहे. म्हाताऱ्या जल्लादाच्या मुलीशी त्याचं जमतं, मूल होणार असतं, लग्न होतं. म्हाताऱ्याला सरकारी फ्लॅट मिळणार, पण निवृत्त झाला तर तो जाणार. मग जावयाने जागा धरायची. सही तेवढी कर, फाशीची वेळ कधी येतच नाही, असं सगळे समजावतात. आणि वेळ येते, मायोर्कात, पर्यटकांच्या हंगामात. बायकोबरोबर गुहेतल्या तळ्यावर तो संगीत ऐकत बसलेला असतो. अंधारातून नाव येते, नावेत दोन शिपाई, कर्ण्यातून त्याचंच नाव पुकारत.

मग ते दृश्य. तुरुंगातली भलीमोठी पांढरी, रिकामी खोली, कॅमेरा लांब. पुढे कैद्याला नेणारा घोळका चाललाय. मागे दुसरा घोळका, तो जल्लादाला ओढत नेतोय. कैदी चालतो, जल्लादाचे पाय लटपटतात. दोघांत मरायला कोण निघालंय हे पटकन ओळखू येत नाही. कल्पना हवेतली नव्हती: १९५९ मध्ये वलेंसियात एका विषप्रयोग करणाऱ्या बाईला मृत्युदंड देताना जल्लादालाच ओढत न्यावं लागलं होतं, हे तिच्या वकिलाकडून बेरलांगाने ऐकलं होतं. नंतर बोटीवर होसे लुईस सासऱ्याला सांगतो की पुन्हा हे करणार नाही. म्हातारा शांतपणे म्हणतो, पहिल्या वेळी मीही हेच म्हणालो होतो.

१७ ऑगस्ट १९६३ ला माद्रिदमध्ये दोन अराजकवाद्यांना गॅरोटने, म्हणजे मानेभोवती लोखंडी पट्टा आवळून, मारलं गेलं. काहीच दिवसांनी व्हेनिस महोत्सवात ‘एल बेर्दुगो’ दाखवला गेला. रोममधला स्पॅनिश राजदूत आल्फ्रेदो सांचेस बेया याने परराष्ट्रमंत्र्याला पत्र धाडून सिनेमावर जहरी टीका केली. देशात तो कापून दाखवला. म्हाताऱ्याच्या बॅगेत हत्यारांचा खणखणाट होतो, तो आवाजही कापला. बेरलांगाचा पुढचा सिनेमा आला चार वर्षांनी, तो त्याने आर्जेंटिनात जाऊन केला. पत्र लिहिणारा राजदूत १९६९ मध्ये माहिती खात्याचा मंत्री झाला. सेन्सॉर त्याच खात्याखाली होता.

‘१९७५ नंतर, आल्मोदोवारपासून’

बिक्तोर एरिसेचा ‘मधमाश्यांच्या पोळ्याचा आत्मा’ १९७३ चा. साउराचा ‘ला प्रिमा आंखेलिका’ १९७४ चा. त्यात एका फालांखेवाल्याचा हात प्लास्टरमध्ये असा अडकलाय की तो कायम सलाम ठोकतोय. त्यापायी बार्सिलोनातल्या एका थिएटरवर आगीचे बॉम्ब पडले. दोन्ही वेळा फ्रँको जिवंत होता.

तो नोव्हेंबर १९७५ मध्ये गेला. सेन्सॉर अधिकृतपणे रद्द झाला नोव्हेंबर १९७७ मध्ये. आणि तरीही पिलार मिरोचा ‘क्वेंकाचा गुन्हा’ हा १९७९ चा सिनेमा जप्त झाला, त्यातल्या सिव्हिल गार्ड या निमलष्करी पोलिसांनी केलेल्या छळाच्या दृश्यांवरून तिच्यावर लष्करी खटला गुदरला. तो पडद्यावर आला १९८१ मध्ये. आल्मोदोवारचा पहिला मोठा सिनेमा त्याआधीच, १९८० मध्ये, येऊन गेला होता.

एक गोष्ट मजकुराची मान्य करतो. सामान्य स्पॅनिश प्रेक्षकाने त्या काळात पाहिलं ते मुख्यतः हे नव्हे. त्याने सारा मोन्तिएलचा ‘एल उल्तिमो कुप्ले’ महिनोन्महिने गर्दी करून पाहिला, लहानग्या मारिसोलची गाणी ऐकली, सत्तरच्या दशकात चावट विनोदी सिनेमांना रांगा लावल्या. पण म्हणून ‘नव्हतं’ होत नाही.

आणि शून्यातून? चुस लाम्प्रेआबे ही नटी पहिल्यांदा दिसली फेरेरीच्या ‘एल पिसितो’त. ‘एल बेर्दुगो’तही तिची छोटी भूमिका आहे. पुढे आल्मोदोवारने तिला इतक्यांदा घेतलं की पुष्कळांना ती त्याचाच शोध वाटते. १९८४ च्या सिनेमात ती माद्रिदच्या कडेला, उंच इमारतीतल्या खुराड्यात राहणारी आजी आहे. केक आणि सोड्याच्या बाटल्या कुलपात ठेवते, घरच्यांनाच विकते आणि सतत गावाची आठवण काढते. शेवटी नातवाला बरोबर घेऊन ती गावाकडची बस पकडते.